‘त्या काळी तसेच होते’ : इतिहास, विवेक आणि एक पळवाट

मराठीच्या वर्गांत, चर्चासत्रांत आणि प्रबंधांच्या पानापानांवर एक वाक्य फार सुखाने नांदते : ‘त्या काळी तसेच होते.’ एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या लेखकाने बालविवाहाचे कौतुक केलेले असते, एखाद्या नाटककाराने हीन मानल्या गेलेल्या जातीतले पात्र केवळ हशा पिकवण्यासाठी रंगमंचावर आणलेले असते, एखाद्या कवीने स्त्रीजातीला उपदेशाचे चार डोस पाजलेले असतात. कोणा विद्यार्थ्याने त्यावर बोट ठेवले, की हे वाक्य पुढे येते. लेखकाला त्याच्या काळाच्या चौकटीत पाहा, आजचे माप कालच्या माणसाला लावू नका, असे बजावले जाते. विद्यार्थी गप्प होतो आणि त्या गप्प होण्याला ‘इतिहासदृष्टी’ असे भारदस्त नाव मिळते. वर हेगेलचा हवालाही दिला जातो. प्रत्येक माणूस आपल्या काळाचे अपत्य असतो, हे त्यानेच तर सांगितले ना!

आमचे म्हणणे असे की, हे वाक्य म्हणजे इतिहासाच्या आडून करून घेतलेली सुटका आहे. आणि ज्या जर्मन चिद्वादी परंपरेच्या नावावर ते खपवले जाते, त्या परंपरेने नेमक्या याच वाक्याशी उघड भांडण मांडले होते. कांटचा ‘शुद्ध विवेकाची मीमांसा’ हा ग्रंथ १७८१ मध्ये आला. हेगेल १८३१ मध्ये वारला. मधल्या अर्धशतकात या मंडळींनी एक अवघड प्रश्न सोडला नाही. विवेक जर इतिहासात घडत असेल, तर तो इतिहासाचा न्याय कोणत्या अधिकाराने करणार? माणूस जर काळाने घडवलेला असेल, तर त्याला स्वतंत्र कोणत्या अर्थाने म्हणायचे? ‘त्या काळी’वाले या प्रश्नाला उत्तर देत नाहीत. ते प्रश्नच बंद करून टाकतात.

आधी वाटेतला एक धोंडा बाजूला सारू. हेगेल म्हणजे ‘वाद, प्रतिवाद, संवाद’ हे समीकरण आमच्या मार्गदर्शकांनी पिढ्यान्‌पिढ्या घोकून घेतले आहे. हे त्रिक मांडले फिख्तेने, १७९४ च्या आपल्या ग्रंथात. हेगेलच्या गळ्यात ते प्रामुख्याने अडकवले हाइनरिख मोरित्स खालिबॉयस या अभ्यासकाने, १८३७ मध्ये, म्हणजे हेगेलच्या मृत्यूनंतर. हेगेलच्या मांडणीत तिहेरी विभागण्या पुष्कळ आहेत, हे खरे. पण कोणत्याही विषयाला वरून चिकटवता येणाऱ्या त्रिकुटाची त्याने १८०७ च्या ‘चैतन्याचे दृश्यरूपशास्त्र’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत चांगलीच हजेरी घेतली आहे. ही बाब केवळ पंडिती तपशिलाची नाही. त्या सूत्रामुळे इतिहास हे एक यंत्र होऊन बसते : दोन दगड एका बाजूने टाकावेत आणि दुसऱ्या बाजूने तिसरा बाहेर पडावा. यंत्रात माणसाची जबाबदारी उरत नाही. ‘त्या काळी तसेच होते’ हे वाक्य त्याच यंत्राचा आवाज आहे.

आता कांटकडे वळू. त्याचा विवेक कालातीत, इतिहासाला पाठमोरा, असे सांगितले जाते. पण १७८४ च्या नोव्हेंबरमध्ये बर्लिनच्या एका मासिकात त्याने जागतिक इतिहासावर नऊ विधानांचा एक छोटा निबंध लिहिला. त्यात तो म्हणतो की, विवेक उपजत प्रेरणेसारखा तयार मिळत नाही. त्याला प्रयत्न लागतात, सराव लागतो, शिकणे लागते. एका आयुष्यात हे पुरे होत नाही, म्हणून ते पिढ्यांच्या साखळीत व्हावे लागते. माणसाच्या विवेकशक्तीचा पूर्ण विकास एका व्यक्तीत होत नाही. झाला तर तो मानवजातीत होईल. विवेकाला इतिहास लागतो हे हेगेलच्या कितीतरी आधी कांटने मांडले होते.

मात्र त्याच निबंधात त्याला एक काटाही सलतो. आधीच्या पिढ्यांनी ओझी वाहायची आणि शेवटच्यांनी तयार घरात राहायला यायचे, ही व्यवस्था त्याला चमत्कारिक वाटते. तो ती दडवत नाही, आणि इतिहास सुखरूप मुक्कामी पोहोचेलच अशी हमीही देत नाही. त्याने निबंधाच्या मथळ्यातच ‘कल्पना’ हा शब्द वापरला आहे. इतिहासाकडे पाहताना हाती धरायचा हा धागा आहे. तो धरून पुढे चालायचे काम माणसाचेच.

पुढच्याच महिन्यात, त्याच मासिकात, प्रबोधन म्हणजे काय या प्रश्नाला त्याने उत्तर दिले. त्यातला एक मुद्दा आमच्या वादाच्या मुळाशी आहे. एखाद्या धर्मसभेने शपथ घालून आपल्या वारसांना एकाच न बदलणाऱ्या मताशी कायमचे बांधून टाकावे काय, असा प्रश्न कांट विचारतो आणि ते मनुष्यस्वभावाविरुद्धचा गुन्हा ठरेल असे उत्तर देतो. म्हणजे एका काळाला दुसऱ्या काळावर कुलूप घालण्याचा अधिकार नाही. आणि असे कुलूप घातले गेले, तर पुढच्यांनी ते मानण्याचे कारण नाही. इतिहासाचा दाखला देऊन न्यायबुद्धी थांबवणाऱ्यांना हे दोन्ही निबंध सोयीचे नाहीत.

येथे कोणी हेर्डरला उभे करील. योहान गॉटफ्रीड हेर्डरने १७७४ मध्ये आणि पुढे १७८४ पासून निघालेल्या आपल्या बृहद्ग्रंथात असे आग्रहाने मांडले की, प्रत्येक लोकसमूहाच्या सुखाचे केंद्र त्याच्या आतच असते. भूतकाळ ही आपल्या पायाखालची शिडी नव्हे. कांटने १७८५ मध्ये या ग्रंथाची परखड परीक्षणे लिहिली आणि गुरुशिष्यांचे बिनसले. हेर्डरची ही तक्रार आम्हाला रास्त वाटते. गेलेल्या माणसांना आपल्या प्रगतीची पूर्वतयारी मानणे हा उद्धटपणाच आहे. पण आमचे ‘चौकट’वादी हेर्डरचा अर्धाच भाग उचलतात. उरलेल्या अर्ध्यात तोच हेर्डर गुलामगिरीचा आणि युरोपीय विजयांचा कठोर शब्दांत निषेध करतो, आणि माणसांची ‘वंशां’त वाटणी करण्याला नकार देतो. प्रत्येक काळाला त्याचे स्वत्व आहे, म्हणून त्या काळातला जुलूम क्षम्य आहे, असा निष्कर्ष त्याने काढलेला नाही. तो आमच्या सोयीने काढला गेला आहे.

फिख्ते आणि शेलिंग यांच्याविषयी दोनच गोष्टी सांगू. फिख्तेने १८०४-०५ च्या हिवाळ्यात बर्लिनमध्ये व्याख्याने देऊन इतिहासाचे पाच कालखंड पाडले आणि आपला चालू काळ तिसऱ्यात, म्हणजे परिपूर्ण पापमयतेच्या युगात, बसवला. कालखंडांची कल्पना त्याने स्वतःच्याच काळावर आरोप ठेवण्यासाठी वापरली. आमच्याकडे ती आरोपी सोडवण्यासाठी वापरतात. शेलिंगने १८०० मध्ये दाखवून दिले की, जे पूर्णपणे नियमबद्ध आहे त्याचा इतिहास होत नाही, आणि जे पूर्णपणे अनियंत्रित आहे त्याचाही होत नाही. ग्रहणांचे गणित मांडता येते, इतिहास लिहिता येत नाही. अपरिहार्यता आणि स्वातंत्र्य जेथे एकमेकांत गुंतलेली असतात, तेथेच ‘इतिहास’ हा शब्द शोभतो. मग ‘त्या काळी दुसरे काही शक्यच नव्हते’ असे म्हणणाऱ्याने इतिहासाची बाजू घेतली, की इतिहासच पुसून टाकला?

आता खुद्द हेगेल. व्यक्ती आपल्या काळाचे अपत्य असते आणि तत्त्वज्ञान म्हणजे विचारांत पकडलेला आपला काळ, या आशयाचे त्याचे विधान १८२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हक्काचे तत्त्वज्ञान’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत आहे. ते सर्वांना पाठ असते. पण प्रस्तावना संपून ग्रंथ सुरू झाला, की तिसऱ्याच परिच्छेदाखालच्या विवरणात हेगेल काय करतो, हे पाहण्याचे कष्ट क्वचितच घेतले जातात. तेथे तो गुस्ताव हूगो या कायदेपंडिताला धरतो. प्राचीन रोमच्या ‘बारा फलकां’च्या कायद्यात, कर्ज न फेडणाऱ्या ऋणकोच्या देहाचे तुकडे करून ते धनकोंनी वाटून घ्यावेत, अशी एक तरतूद होती. कायदा कोणत्या परिस्थितीतून आला हे दाखवले, की तो समंजस ठरतो, अशी हूगोची पद्धत. हेगेल उपरोधाने म्हणतो की, शेक्सपिअरच्या शायलॉकला हे कलम मोठ्या आनंदाने चालले असते.

मग तो मूळ मुद्द्याला हात घालतो. एखादी गोष्ट कशी उगवली हे सांगणे वेगळे आणि ती न्याय्य आहे हे दाखवणे वेगळे. उगमाची हकिकत ही समर्थनाची जागा घेऊ शकत नाही. उलट, ज्या परिस्थितीमुळे एखादी संस्था योग्य होती असे तुम्ही म्हणता, ती परिस्थिती सरली असेल, तर तुमच्याच युक्तिवादाने त्या संस्थेचा आधार गेला. यासाठी तो मठांचे उदाहरण देतो : ओसाड मुलूख लागवडीखाली आणले आणि ग्रंथांच्या नकला करून विद्या जपली म्हणून मठ हवेत असे म्हणाल, तर ती कामे संपल्यावर ते अनावश्यक ठरतात.

हा वाद अधांतरी नव्हता. १८१४ मध्ये थिबो या विधिज्ञाने सर्व जर्मन राज्यांसाठी एक नागरी संहिता असावी अशी मागणी केली आणि साविन्यीने त्याच वर्षी तिला विरोध केला. कायदा लोकजीवनातून आपसूक वाढतो, विवेकाने बसून तो रचण्याची आपल्या युगाची पात्रता नाही, असा त्याचा सूर होता. अशी पात्रता नाकारणे हा त्या राष्ट्राचा घोर अपमान आहे, असे हेगेलने त्याच ग्रंथात बजावले. पुढे १८४२ मध्ये तरुण मार्क्सने हूगोवर आणि त्याच्या संप्रदायावर जो हल्ला चढवला, त्याचे बीज येथे दिसते. ‘त्या काळी तसेच होते’ हे वाक्य हूगोचे आहे. ते हेगेलच्या तोंडी घालणे म्हणजे फिर्यादीच्या नावावर आरोपीची कैफियत नोंदवणे होय.

यावर एक आक्षेप येईल. जे वास्तव ते विवेकपूर्ण, असे हेगेलच म्हणाला. तत्त्वज्ञान संध्याकाळी येते आणि तोवर सगळे घडून गेलेले असते, हेही त्याचेच. मग न्याय करायला जागा कोठे उरली? पहिल्या मुद्द्याचा खुलासा त्याने स्वतः १८२७ च्या ‘विश्वकोशा’च्या आवृत्तीत केला आहे : जे जे अस्तित्वात आहे ते सगळे ‘वास्तव’ या पदवीला पोहोचत नाही, पुष्कळसे केवळ असते, योगायोगाने तगलेले असते. दुसऱ्याविषयी आम्ही एवढेच म्हणू की, उशिरा येणे म्हणजे माफी देणे नव्हे. एखादी जीवनरीत पूर्णपणे उमगते, तेव्हा ती जुनी झालेली असते. समजून घेण्यातच तिच्या पलीकडे जाणे आलेले असते. ज्यांना एखादी रीत समजलीही आहे आणि ती तशीच चालू ठेवायचीही आहे, त्यांचा हेगेलशी संबंध नाही.

आता सर्वांत कठीण जागी येऊ, कारण तेथे हेगेलच आरोपी आहे. १८२२ ते १८३१ या काळात बर्लिन विद्यापीठात त्याने इतिहासाच्या तत्त्वज्ञानावर पाच वेळा व्याख्यानमाला दिली. ती १८३७ मध्ये एदुआर्द गान्स याने ग्रंथरूपात आणली. इतिहास म्हणजे स्वातंत्र्याच्या जाणिवेची वाटचाल. पूर्वेत एकच स्वतंत्र, ग्रीस-रोममध्ये काही, आधुनिक युरोपात माणूस म्हणून सर्व, असा तिचा सांगाडा. आफ्रिकेला त्याने इतिहासाच्या दाराबाहेर उभे केले. भारताला स्वप्नाळू कल्पनेचा देश ठरवले. जेथे जन्माने मिळालेला भेद हाच कायदा होतो, तेथे स्वातंत्र्य नाही आणि म्हणून इतिहासही नाही, असा निवाडा दिला. विल्हेल्म फॉन हुम्बोल्टच्या भगवद्गीतेवरील व्याख्यानांचे त्याने १८२७ मध्ये प्रदीर्घ परीक्षण लिहिले, तेही याच सुरात. संस्कृत त्याला येत नव्हते. भाषांतरे आणि युरोपीयांची वृत्ते यांवर त्याची भिस्त होती.

यावर आमच्याकडे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या आहेत. पहिली : हेगेल वंशवादी, फेकून द्या. दुसरी : त्या काळी युरोपात सगळे असेच बोलत. दोन्हींत श्रम वाचतात. पहिलीला वाचावे लागत नाही आणि दुसरीला विचार करावा लागत नाही.

तो ‘काळ’ एकमुखी होता काय, हे तपासू या. आन्टोन विल्हेल्म आमो हा आफ्रिकेत जन्मलेला तत्त्वज्ञ हाले येथे आणि १७४० च्या सुमारास येना येथे तत्त्वज्ञान शिकवत होता. पुढे त्याच येनामध्ये हेगेलने आपला पहिला महाग्रंथ लिहिला. कांटने वंशभेदांवर निबंध लिहिले, तेव्हा कुकबरोबर जगप्रवास केलेल्या गेऑर्ग फॉर्स्टरने १७८६ मध्येच त्याला जाहीरपणे खोडून काढले. खुद्द कांटने १७९५ च्या शाश्वत शांततेवरील निबंधात युरोपीय व्यापारी राष्ट्रांच्या परमुलखातल्या लुटीचा धिक्कार केला, म्हणजे एकाच माणसात काळ दोन तोंडांनी बोलत होता. आणि १७९१ च्या ऑगस्टमध्ये साँ-दोमिंग या फ्रेंच वसाहतीतल्या गुलामांनी उठाव केला. १ जानेवारी १८०४ रोजी तेथे स्वतंत्र हैती उभे राहिले. हेगेलचे मालक आणि दास यांच्या संघर्षाचे जगप्रसिद्ध प्रकरण त्यानंतर तीन वर्षांनी प्रसिद्ध झाले. जर्मन नियतकालिकांतून हैतीच्या बातम्या येत होत्या आणि हेगेल अशा नियतकालिकांचा वाचक होता, याकडे सूझन बक-मॉर्स यांनी २००० मधील आपल्या निबंधात लक्ष वेधले. त्यांचे सर्व निष्कर्ष मान्य करण्याची गरज नाही. आफ्रिकी वंशाच्या माणसांनी शस्त्र हाती घेऊन ‘सर्व स्वतंत्र’ हे वाक्य युरोपाला ऐकवून झाले होते, आणि आफ्रिकेला इतिहास नाही असे त्यानंतर वीस वर्षांनी बर्लिनमध्ये सांगितले जात होते, एवढे पुरेसे आहे.

म्हणून हेगेलचे अपयश हे ‘त्याच्या काळा’चे अपयश नाही. त्याच्या काळात जे ऐकू येत होते, ते त्याने ऐकले नाही. आणि हा दोष त्याच्याच कसोटीवर त्याच्या पदरात पडतो. काळ आतून दुभंगलेला असतो, विरोध हीच त्याची चाल असते, हे त्यानेच शिकवले. जाणीव आपले माप स्वतःतच घेऊन येते, ते बाहेरून आणावे लागत नाही, हेही त्यानेच १८०७ मध्ये लिहिले. जन्माच्या भेदाने माणूस बांधला जातो तेथे स्वातंत्र्य नाही, हे त्याचे म्हणणे आम्हाला चुकीचे वाटत नाही. त्या बंधनाखाली कोणी बोलतच नव्हते, हे त्याचे गृहीतक चुकीचे आहे.

येथून मराठी वर्गाकडे परत येणे ओघानेच आले. विधवांविषयी ‘त्या काळी तसेच होते’ असे सांगणाऱ्याने आठवावे की, मराठी कादंबरीचा आरंभ जिच्यापासून मानतात, ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) विधवांच्या दुःस्थितीविषयीच आहे. जातीविषयी तसे सांगणाऱ्याने आठवावे की, फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापला गेला होता, आणि १८७३ मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामीमुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली होती. पुरुषी उपदेशाविषयी तसे सांगणाऱ्याने ताराबाई शिंद्यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ (१८८२) उघडावी. हाही ‘तो काळ’च होता. मग ‘त्या काळी तसेच होते’ म्हणताना आपण कोणाचा काळ मोजतो? ज्यांचा आवाज चालला त्यांचा. ज्यांनी हरकत घेतली, त्यांना आपण त्यांच्याच काळातून दुसऱ्यांदा हद्दपार करतो.

कालविपर्यास करू नका, हा इशारा आम्हाला मान्य आहे. १८६० च्या लेखकाकडून २०२० ची परिभाषा मागणे बालिशपणाचे आहे. आम्ही ती मागत नाही. त्याच्या शेजारच्या घरात, त्याच्याच छापखान्यांच्या आणि वर्तमानपत्रांच्या जगात जे बोलले जात होते, त्याच्याशी त्याचा हिशेब जुळवून पाहावा, एवढीच आमची मागणी आहे. हे माप आजचे नाही, त्याच काळाचे आहे. आमच्या हाती ते आले, कारण तेव्हा कोणीतरी किंमत मोजून ते घडवले. विवेक इतिहासात घडतो याचा अर्थ हा : आजची न्यायबुद्धी आकाशातून पडलेली नाही, कालच्या हरकतींतून ती वारशाने आली आहे. वारसा घ्यायचा आणि ज्यांनी तो मिळवून दिला त्यांची नावे उत्तरपत्रिकेतून गाळायची, याला इतिहासदृष्टी म्हणत नाहीत.

या पळवाटेला एक जुळी बहीण आहे, ती भविष्यकाळात राहते. ‘काळाची गरज’, ‘इतिहासाचा कौल’ हे तिचे शब्द. आधीचीने कालच्या माणसाची जबाबदारी काढून घेतली, ही आजच्या माणसाची काढून घेते. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात न्यायमूर्ती रानड्यांवर बोलताना डॉ. आंबेडकरांनी ऑगस्टीन, बकल आणि मार्क्स यांचे इतिहासविषयक सिद्धान्त तपासले होते. शेवटच्या दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण इतिहास घडण्यात माणसाला जागाच नाही हे खरे नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष होता. इतिहास माणसाला घडवतो हे कबूल करूनही माणसाच्या वाट्याचे काम माणसाकडेच ठेवायचे, ही शेलिंगने मांडलेली अडचण त्या भाषणातही जिवंत आहे.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. ‘त्या काळी तसेच होते’ हे वाक्य लिहायला बंदी नको. ते लिहिले, की पूर्णविराम न देता पुढचे वाक्यही लिहावे : ‘आणि त्याच काळी अमुक माणूस, अमुक ठिकाणी, असे म्हणत होता.’ नाव सापडत नसेल, तर आणखी शोधावे. संशोधन म्हणतात ते येथून सुरू होते.